एक सवाष्ण राहिली

"चार ते आठ तू ह्या घरात नाहीस. कळलं?"

वृंदावैनी हे म्हणाल्या तेव्हा मी तिळाचे शेवटचे लाडू वळत होते. गुळाचा पाक गरम असेतोवरच लाडू वळू देतो. हात भाजले म्हणून थांबलात तर पातेल्यात दगड उरतो. त्यामुळे मी वर न बघताच मान हलवली.

"तोंडानं सांग."

"कळलं, वैनी."

"आणि खोकला आला तर?"

"तोंडात पदर."

"शहाणी आहेस." वैनींनी परातीतला एक लाडू उचलला, दातांनी थोडा तोडला आणि डोळे मिटून चाखला. "मस्त झालेत हं माझे लाडू या वर्षी."

त्यात थट्टा नव्हती. त्यांना खरंच तसं वाटायचं.

गोष्ट शारजातली. चौदा वर्षं होऊन गेली. आता गडहिंग्लजला एसटी स्टँडच्या मागं माझी खानावळ आहे, हाताखाली दोन बायका आहेत. तेव्हा मात्र मी नवव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये होते आणि मी तिथं आहे हे त्या शहरात वैनी, त्यांचे साहेब आणि साळवी एजंट एवढ्या तिघांनाच ठाऊक होतं.

स्वयंपाकघराच्या पलीकडं एक बिनखिडकीची खोली होती. तिला स्टोअर म्हणायचे. त्यात वॉशिंग मशीन, तांदळाची पोती, रिकामे डबे आणि मी. दाराची कडी बाहेरून. बेल वाजली की हातातलं काम टाकून मी आत जायचं आणि वैनींनी कडी घालायची, हा रिवाज आठ महिने चालला होता. पुढं पुढं तर बेल वाजली की माझे पाय आपणहून तिकडं वळायचे, दिवस कलला की कोंबडी खुराड्याकडं वळते तसे. याची मला अजून लाज वाटते.

मला लपवायला कारणं दोन. एक, साळवीनं मला पाहुणीच्या व्हिसावर आणलं होतं आणि तो केव्हाच संपला होता. दुसरं, वैनींच्या हातच्या पुरणपोळ्या. तिथल्या मराठी घरांतून त्या पोळ्यांचं मोठं नाव होतं, सणावाराला शंभर-शंभराची ऑर्डर यायची. त्या कुणाच्या हातच्या हे बाहेर कळलं असतं तर वैनींना पहिल्या कारणापेक्षा या दुसऱ्याचंच जास्त झोंबलं असतं.

साळवी आमच्याच भागातला, आजऱ्याकडचा. "मराठी घर आहे, आपली माणसं आहेत, तुला स्वतंत्र खोली मिळेल," असं त्यानं माझ्या आईसमोर सांगितलं होतं. खोलीचं काही खोटं नव्हतं. माझा नवरा विलास त्याच्या सहा वर्षं आधीच गोव्याला हॉटेलात कामाला म्हणून गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. लेक नऊ वर्षांची. तिला आईजवळ नेसरीला ठेवलं आणि मी निघाले. मुंबईच्या विमानतळाबाहेर साळवीनं मला गळ्यातलं काढायला लावलं. "तिकडं विधवा म्हणून सांगितलंय. नवरा आहे म्हटलं की मागं विचारणारा कुणीतरी असतो. लोक घेत नाहीत." मी मंगळसूत्र काढलं, टिकलीही काढली. विलासनं आयुष्यात माझी चौकशी केली नव्हती, पण साळवीला तेवढीही जोखीम नको होती.

पासपोर्ट वैनींनी पहिल्याच दिवशी "हरवशील" म्हणून घेतला आणि साहेबांच्या कपाटात टाकला. "दाराबाहेर पाऊल टाकलंस तर पोलीस धरतील, मग तुरुंगात बसशील," हेही त्याच दिवशी सांगितलं. घरी फोन महिन्यातून एकदा, त्यांच्या मोबाइलवरून, त्यांच्यासमोर. गौरी-गणपती झाले आणि तोही बंद झाला. "बोललीस की रडतेस आणि रडलीस की पुरण बिघडवतेस," वैनी म्हणाल्या. मला ते खरं वाटलं, कारण रडायचे मी खरीच.

हे सगळं मी सोसत होते. माणूस सोसतो. पण हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब फोनवर साळवीशी बोलत होते ते माझ्या कानावर पडलं. "शनिवारी सकाळी सातला या. रस्त्यानंच नेणार ना? बॉर्डरचं तुमचं तुम्ही बघा."

मी वैनींना विचारलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. "ओमानात एक मोठं घर आहे. गावाबाहेर आहे जरा. अगं, तुझा व्हिसा संपलाय, मी तरी किती दिवस ठेवून घेऊ? उलट तुझ्या भल्याचंच आहे."

"माझा पासपोर्ट?"

"तो साळवी देईल त्या लोकांना."

माझ्याआधी ह्या स्टोअरमध्ये कमलम्मा नावाची आंध्राकडची बाई होती. तिचा दात मोडलेला कंगवा तांदळाच्या पोत्यामागं अजून होता, त्यात तिचे केस होते. तीही अशीच रस्त्यानं गेली होती. तिचा पुढं काही फोनबिन आला का, असं मी एकदा विचारलं तेव्हा वैनी म्हणाल्या होत्या, "ती कशाला करेल फोन?"

तर शुक्रवारी चारला वैनींनी कडी घातली तेव्हा माझ्याजवळ एक संध्याकाळ उरली होती. पहाटे उजाडलं की सात वाजायला कितीसा वेळ.

अंधारात पोत्यावर बसून मी ऐकत होते. बायका येत होत्या. काळ्या साड्यांची सळसळ, बांगड्या, अत्तरदाणी, "तिळगूळ घ्या, गोड बोला". कुणीतरी लाडवाची कृती विचारली आणि वैनींनी ती चुकीची सांगितली. मग उखाणे सुरू झाले, पहिला वैनींचाच. "नवव्या मजल्यावरून दिसतो समुद्राचा किनारा, सतीशरावांशिवाय नको मला एसीचा वारा!" हशा झाला. आमच्याकडं अशा उखाण्याला कुणी हसलं नसतं.

इतक्यात पुन्हा बेल वाजली आणि वैनींचा आवाज जरा अडखळला. "ये ना अस्मिता. अरे वा, सासूबाईंना पण आणलंस?"

"घरी एकट्या कशा ठेवणार? म्हटलं, चला तुम्हीही," असं ती अस्मिता म्हणाली. तिच्याही आवाजात अवघडल्यासारखं काहीतरी होतं.

मग पावलं स्वयंपाकघरात आली. वैनींची भरभर आणि दुसरी सावकाश, जोडवी नसलेली. अनवाणी पावलांत जोडवी आहेत की नाहीत हे फरशीवर कळतं.

"आजी, तुम्ही इथे निवांत बसा हं. बेडरूममध्ये सगळ्यांच्या पर्सेस आहेत, आरशापाशी गर्दी आहे. तुम्हाला उगाच बायकांच्यात... म्हणजे तुम्हालाच बरं वाटणार नाही."

"बसते की. मला काय, कुटंबी बसीन."

प्लास्टिकचं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. कुंकवाच्या कार्यक्रमात विधवा बाई समोर नको, म्हणून वैनींनी तिला आत आणून ठेवली आणि त्या बाहेर गेल्या. घरातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक कडी तपासणारी ती हुशार बाई. पण स्टोअरच्या दारापाशी आपण एक जिवंत माणूस बसवतोय हे तिच्या लक्षातच आलं नाही. म्हातारी तिच्या मोजणीत नव्हती, तशी मीही नव्हते.

मी श्वास धरून बसले. म्हातारी काहीतरी पुटपुटत होती, मग तेही थांबलं. डुलकी लागली असावी. आणि तेवढ्यात मला वास आला.

मसाला दूध. सहा लिटर दूध मी मंद आचेवर ठेवलं होतं आणि वैनींना बजावलं होतं की दर पाच मिनिटांनी ढवळा. वैनी उखाण्यांत रमल्या होत्या. तळाला दूध धरायला लागलं होतं. आधी नुसता खरपूस वास, मग जरा कडू. मी हाताची बोटं दाबून धरली. आठ महिने मी बेल वाजली की मुकी झाले होते, खोकला गिळला होता, एकदा पायावरून उंदीर गेला तरी तोंड उघडलं नव्हतं. पण स्वयंपाकिणीला डोळ्यांदेखत, नाही, नाकादेखत दूध लागू देणं जमत नाही हो.

"गॅस बारीक करा! दूध लागतंय!"

बोलून गेले आणि मग मी तोंडात पदर कोंबला.

बाहेर स्टूल वाजलं. "आँ? कोन बोललं?"

मी पोत्यामागं सरकले.

"आगं कोन हाय? दूध तर लागलंयाच. ह्यो गॅस कुटनं बारीक करत्यात?"

आता अर्धं सांगून काय उपयोग होता? "उजवीकडचं बटण. आत दाबून फिरवा. आणि ढवळू नका आता, तळाचं वर येईल."

तिनं केलं. मग ती पावलं दाराशी आली. कडीवर हात पडल्याचा आवाज आला. "भाईरनं कडी हाय की गं."

"व्हय."

"आनि तू आत?"

"व्हय, आजी."

कडी सरकली. दारात एक ठेंगणी म्हातारी उभी होती. मऊ, फिकट नऊवारी, रिकामं कपाळ, हातात घड्याळही नाही. द्वारकाबाई तिचं नाव, कोरेगावकडची. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग माझ्या मागं पोती, मशीन, भिंतीला लावलेली माझी वळकटी बघितली.

"हितं निजतीस?"

"व्हय."

"किती दिस?"

"मे महिन्यात आलो."

वैनींनी माझं 'आलो-गेलो' मोडून 'आले-गेले' करायला लावलं होतं. आमच्या भागातल्या बाईसारखं तोंडातून निघालं तेव्हा मला एकदम रडू आलं. द्वारकाबाईंनी रडू दिलं नाही.

"रडनं नंतर. आदी सांग."

मी सांगितलं. साळवी, पासपोर्ट, लेक, आणि उद्या सकाळी सातची गाडी. हॉलमध्ये उखाणे चालू होते म्हणून बोलता आलं. तिनं मधे एकदाही "अरेरे" केलं नाही. नुसती ऐकत होती.

"आजी, माझ्या आईच्या शेजारच्यांचा नंबर पाठ हाय मला. तुमच्या सुनेला सांगा, तेवढा एक फोन..."

"नंबर माज्या ध्यानात न्हाय ऱ्हायाचा. लिवता येत न्हाय. आनि सुनंला सांगून काय? ती ह्या बाईला टरकून असती, मंडळाची अध्यक्षीन म्हनून." तिनं छताकडं बोट केलं. "मलाबी नातू सांभाळाय आनलंय तीन म्हयन्यासाठी. अकराव्या मजल्यावर. लिफ्टचं बटन मला गावत न्हाय. म्हंजे मीबी कोंडलेलीच, पर मला कडी न्हाय."

तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं. "तुजा मालक कदी गेला?"

"चार वर्षं झाली," मी म्हणाले. हे वाक्य साळवीनं पाठ करून घेतलं होतं, ते आपोआप आलं.

"माजा गेला त्याला तीस झाली. म्हंजे आपन दोगी एकाच पंगतीच्या. बस अशी शेजारी."

तिनं स्टूलवर सरकून जागा केली. तिथंच मला राहवलं नाही. सगळ्या जगाशी खोटं बोलले होते, तिच्याशी बोलवेना.

"आजी, खोटं बोललो. मालक मेलेला न्हाई. सोडून गेलाय. गोव्यात हाय. एजंटानं काढाय लावलं म्हणून गळा मोकळा."

द्वारकाबाईंचा चेहरा बदलला. "म्हंजे तू सवाष्ण?"

"व्हय."

"सवाष्ण असून असं कपाळ?" ती उठून उभी राहिली. माझ्याकडं अशी बघत राहिली की मला वाटलं, आता ही माझ्यावर थुंकते. नवरा जिवंत असताना विधवेचं सोंग घेणं म्हणजे त्याचं मरण मागणं, असं आमच्याकडच्या बायका मानतात. तीही त्यातलीच.

तेवढ्यात हॉलमधून वैनींची हाक ऐकू आली, "दूध आणते हं!" आणि पावलं जवळ येऊ लागली. द्वारकाबाईंनी मला दोन्ही हातांनी आत ढकललं, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

तिनं घातली. वैनींनी नव्हे. त्या कडीचा आवाज मी आठ महिन्यांत शेकडो वेळा ऐकला होता, पण त्या वेळेसारखा तो कधीच लागला नाही.

"अगंबाई, दूध!" वैनींचा आवाज आला. "आजी, तुम्ही बंद केलंत? बरं झालं. थँक्यू हं."

"लागलंय जरा."

"चालतं. वेलची घालते भरपूर. कुणाशी बोलत होतात का?"

"मी व्हय? देवाशी बोलते. सवय हाय."

वैनी हसल्या. कपांची किणकिण झाली, ट्रे गेला. मी दाराला कान लावून उभी होते. आता कडी निघेल, आता निघेल. स्टूल वाजलं नाही. सावकाश पावलं निघाली आणि स्वयंपाकघराबाहेर गेली.

मग काहीच नाही. हॉलमध्ये कुणीतरी आणखी एक उखाणा घेतला. कुणी "वाटी किती छान आहे, कुठून घेतल्या गं?" म्हणालं. त्या वर्षी वैनींचं वाण स्टीलच्या वाट्यांचं होतं. मी खाली बसले. हाताला कमलम्माचा कंगवा लागला. तो मी उचलून गाऊनच्या खिशात टाकला. का ते माहीत नाही. कुणीतरी तो घेऊन जायला हवा असं वाटलं.

आणि कडी निघाली.

"ऊठ," द्वारकाबाई म्हणाली. "त्वांड धू. पदर नीट घे. चल."

"कुठं?"

"हळदीकुंकवाला."

"आजी, नको. त्या मला..."

"काय करतील? कोंडतील?" असं म्हणून तिनं माझं मनगट धरलं. साठ-पासष्टची बाई, पण शेतात भांगलण करून कडक झालेला हात होता तो. "बाहेर चाळीस बाया हायत. म्या मोजून आले. एवड्या जनी उद्या सातला नसतील."

हॉलमध्ये गेलो तेव्हा पहिल्यांदा कुणाचं लक्षच गेलं नाही. मग कोपऱ्यातली एक बाई बोलता बोलता थांबली, मग दुसरी. सगळीकडं काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, चेहऱ्यांवर दिव्यांचा उजेड. मी आठ महिन्यांत एवढी माणसं बघितली नव्हती. माझ्या अंगावर पाकाचे डाग पडलेला गाऊन आणि त्यावर ओढणीसारखा घेतलेला जुन्या साडीचा पदर.

वैनींच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी होती.

"वृंदाबाई," द्वारकाबाई मोठ्यानं म्हणाली, शेतातून हाक मारावी तशी. "तुमच्या घरातली एक सवाष्ण ऱ्हायली की."

"ही... ही आमच्याकडे मदतीला येते. आजच बोलावली होती," वैनी म्हणाल्या.

"आज न्हाय. मे म्हयन्यापासनं आत हाय. भाईरनं कडी घालून. ती कडी म्या ह्या हातानं काडली."

"आई!" अस्मिता उठून आली. "काय चाललंय? चला, आपण घरी जाऊ."

"जाऊ की. आदी हिची ओटी भरू दे."

वैनींनी स्वतःला सावरलं. त्या सावरण्यात वाकबगार होत्या. हसून म्हणाल्या, "आजी, तुमचा गैरसमज होतोय. ती बिचारी विधवा आहे. म्हणून तर आत बसवली. तुम्हाला बसवलं तसंच."

हे बोलल्यावर खोलीत जरा चुळबुळ झाली. अस्मितानं खाली बघितलं.

"विधवा न्हाय ती," द्वारकाबाई म्हणाली. "तिचा मालक जित्ता हाय. तिलाच इचारा."

चाळीस जणी माझ्याकडं बघायला लागल्या. "आहे," मी म्हणाले. "नवरा आहे माझा. गोव्याला असतो."

वैनींनी तोंड उघडलं. काहीतरी बोलणार होत्या. मी त्यांच्याकडंच बघत होते. शब्द अगदी ओठांवर आलेला दिसत होता. मग त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. त्या काय म्हणणार होत्या याचा मी तेव्हा विचार केला नाही.

दारात आलेल्या सवाष्णीला कुंकू न लावता परत पाठवणं मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना चाळीस जणींदेखत जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी कोयरीत बोट बुडवलं.

"थांबा. तुमच्या हातचं नको तिला," असं म्हणून द्वारकाबाईंनी कोयरी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"आई, तुम्ही कसं लावणार?" अस्मिता कुजबुजली.

"बोटानं."

आणि तिनं लावलं. आधी हळद, मग कुंकू, दाबून, मोठं. मग ताटातला नारळ घेतला, खण घेतला, ओंजळीनं तांदूळ घेतले आणि माझ्या त्या फाटक्या पदरात घातले. तीस वर्षांत तिनं कुणाची ओटी भरली नसेल, पण हात चुकला नाही.

"आता वाण," ती म्हणाली.

वैनींनी घाईनं एक वाटी उचलली.

"वाटी नको. तिचं तिला द्या. पासपोर्ट द्या."

"तो... साहेबांकडे असतो. ते बाहेर गेलेत. हळदीकुंकू आहे ना घरात."

"येतील की." द्वारकाबाई सरळ जाऊन सोफ्याच्या मधोमध बसली, दोन सवाष्णींच्या मधे, आणि मला पायाशी बसवून घेतलं. "मला घाई न्हाय. माजा तीन म्हयन्याचा इसा हाय."

त्यानंतरच्या दहा मिनिटांत बऱ्याच जणींना एकदम आठवलं की घरी मुलं रडत असतील. वाट्या उचलून, माझ्याकडं न बघता, त्या भराभर निघून गेल्या. मी त्यांना दोष देत नाही, देते तर थोडासाच. सात जणी थांबल्या. त्यांच्यात देशमाने म्हणून एका शाळेतल्या बाई होत्या. त्यांनी हातातला लाडू बशीत ठेवला आणि विचारलं, "वृंदा, हे लाडू पण हिनेच केलेत?"

वैनी रिकामे कप गोळा करायला लागल्या. देशमानेबाईंनी पर्समधून फोन काढला. "साहेबांना मी बोलावते. हिला कुठे पाठवणार होतात तेही त्यांनाच विचारते."

साहेब पाऊण तासात आले. बायकोपेक्षा व्यवहारी होते. सात जणींचे चेहरे बघितले आणि सरळ कपाटाकडं गेले. पासपोर्ट आणून त्यांनी समोरच्या तिळगुळाच्या ताटातच ठेवला. मी उचलला तेव्हा त्याला तीळ चिकटले होते. द्वारकाबाई उठता उठता वैनींना म्हणाली, "तिळगूळ घ्या, बाई."

पुढचं सोपं नव्हतं, पण सांगण्यासारखं थोडंच आहे. अस्मिताच्या घरी तीन आठवडे राहिले. तिथून आईला फोन लावला, पण दोघीही रडण्यापलीकडं फार काही बोललो नाही. ती धास्तावलेली असायची आणि तरी तिनं ठेवून घेतलं. देशमानेबाई मला घेऊन वकिलातीत फेऱ्या मारत होत्या. कमलम्माचं नाव आणि साळवीचा नंबर मी तिथं लिहून दिला. तिचं पुढं काय झालं ते आजवर कळलं नाही. कंगवा माझ्याजवळच आहे. निघताना द्वारकाबाईंनी मला पुन्हा कुंकू लावलं. "अशीच आईपुडं जा," म्हणाली.

तशीच गेले. गडहिंग्लज स्टँडवर आई लेकीला घेऊन उभी होती. मला बघून आई धावत आली आणि दोन हातांवर थांबली. माझ्या कपाळाकडं बघत राहिली. मग पदराचं टोक तिनं हातात घेतलं, माझ्या कपाळापर्यंत आणलं, आणि हात तिथंच राहिला.

"तुला सांगितलं न्हाई व्हय गं त्या बाईनं?" ती म्हणाली.

विलास भाद्रपदात गेला होता. मडगावच्या सरकारी दवाखान्यात, पोटाच्या आजारानं. तिकडच्या बाईनं निरोप पाठवला. आईनं त्याच दिवशी शेजाऱ्यांच्या फोनवरून वृंदावैनींना फोन लावला होता. "मी सांगते तिला नीट समजावून, तुम्ही काळजी करू नका," असं वैनी म्हणाल्या होत्या. आणि माझा फोन बंद केला होता, कारण मग मी घरी जाते म्हणाले असते.

म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये खरं बोलणाऱ्या एकट्या वैनीच होत्या. तोंड उघडून मिटलं ते तेवढ्यासाठी. 'गेला तो, भाद्रपदातच गेला' एवढं म्हटलं असतं तर म्हातारीचा सगळा डाव उधळला असता. पण मग तुला कसं कळलं आणि हिला कसं नाही कळलं, असं चाळीस जणींनी विचारलं असतं.

मी विलाससाठी रडले की नाही ते आठवत नाही. आठवतं ते हे, की मला द्वारकाबाईंची भीती वाटायला लागली. सणासुदीला, भरल्या घरात, सवाष्णींच्या मधोमध तिनं एका विधवेला कुंकू लावलं, ओटी भरली, ते माझ्या शब्दावर. तिला हे कळलं तर काय वाटेल? ती कोरेगावला परतल्याचं कळल्यावरही मी चार महिने फोन केला नाही. शेवटी केला. एका दमात सगळं सांगून टाकलं.

पलीकडं चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

"आजी?"

"ऐकतीया."

"माझ्यामुळं तुमच्या हातनं पाप झालं."

"कसलं पाप?" ती वैतागली. "आगं, तुजा नवरा जित्ता हाय म्हनून भरली व्हय म्या तुजी ओटी? तू जित्ती हुतीस म्हनून भरली. ठेव आता फोन. चुलीवर दूध हाय, लागंल."